मुलांच्या खांद्याला झेपेल असं काडतूस

भाची तेव्हा बारा वर्षांची होती. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, गाल दस्त्याला लागलेला, श्वास अर्धा सोडलेला. शिकवलं होतं ते सगळं तिनं नीट केलं होतं. मी मात्र तिला न दाखवता मॅगझिनमध्ये मध्येच एक नकली काडतूस घातलं होतं, ज्यात ना दारू ना ती पेटवणारा प्रायमर. तिनं चाप ओढला, नुसतं 'टक' झालं, आणि नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं. डोळे घट्ट मिटलेले, खांदा पुढे आलेला. आधीच्या गोळ्या निशाणाच्या खाली का लागत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं: धक्क्याच्या भीतीनं ती आधीच दचकत होती.

"मामा, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. घरात होती म्हणून .३०-०६ या जोरदार काडतुसाची रायफल तिच्या हातात दिली होती, त्यात १८० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम), आणि मुलांना उचलायला सोपी म्हणून रायफलही हलकी. जिथे शिकार कायदेशीर आहे आणि परवाना घेऊन मुलांना सोबत नेता येतं, तिथल्या प्रत्येक आईबापानं, मामा-काकानं ही चूक टाळावी, म्हणून हे लिहितोय.

धक्का कुठून येतो ते आधी समजून घ्या. गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलचं वजन, एवढ्या चार गोष्टींचा तो हिशेब आहे. साडेतीन किलोच्या आसपासची रायफल धरली तर ढोबळ आकडे असे येतात: .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सुटली की रायफल साधारण ३० ज्यूल ऊर्जेनं मागे येते. .३०८ विंचेस्टरमध्ये १५० ग्रेनला २१-२२ ज्यूल, .२४३ विंचेस्टरमध्ये १०० ग्रेनला १३ च्या आसपास आणि .२२३ रेमिंग्टनमध्ये ५५ ग्रेनला पाचच. आता त्याच काडतुसासाठी रायफल २.७ किलोची घ्या, धक्का जवळपास तीस टक्क्यांनी वाढतो. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आखूड, हलक्या रायफलींचा घोळ इथेच आहे. उचलायला बऱ्या, पण जरा जोरदार काडतूस घातलं की मोठ्यांच्या रायफलीपेक्षा जास्त मारतात. म्हणून काडतूस आणि रायफल वेगवेगळी निवडायची नाहीत, जोडी म्हणूनच बघायची.

मग सगळ्यात हलकं तेच घ्यावं का? नाही, आणि हे मी कळकळीनं सांगतो. जनावर जखमी होऊन झाडीत पळालं, तर ते दुःख जनावराचं आणि मुलाच्याही मनात कायमचं. .२४३ चंच बघा. एकाच नावाखाली ५५-५८ ग्रेनपासून १०० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. हलक्या गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी असतात, पातळ कवचाच्या. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या वरच्यावर फुटू शकतात, आत पोचत नाहीत. हरणासाठी ९५-१०० ग्रेनची, त्याच कामासाठी बनवलेली गोळीच हवी. खोक्यावर कोणत्या जनावरासाठी आहे ते बहुधा छापलेलं असतं, वाचा. आणि तुमच्या भागातला नियमही वाचा. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीचा किमान .२४० इंच व्यास आणि किमान १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते, तिथे .२२३ चालतच नाही.

माझी पसंती विचाराल तर पहिल्या हरणासाठी .२४३ किंवा ७ एमएम-०८ रेमिंग्टन. दोन्ही .३०८ च्याच पितळी नळकांड्याची मान आवळून बनलेली, पहिलं १९५५ चं, दुसरं १९८० चं. ७ एमएम-०८ मध्ये १२० ग्रेनपासून सुरुवात करून मूल मोठं झालं की १४० वर जाता येतं, त्यामुळे रायफल बदलावी लागत नाही. २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूरही चांगलं, त्याचा धक्का ७ एमएम-०८ च्याच आसपास.

घरात .३०८ किंवा .३०-०६ आहे आणि नवी रायफल घ्यायची नाही, तर कमी धक्क्याची तयार काडतुसं मिळतात. हॉर्नाडी कंपनीची कस्टम लाइट मालिका त्यातलीच. .३०८ मध्ये १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला २,६७५ फुटांच्या आसपास जाते. नेहमीची १५० ग्रेनची साधारण २,८२० नं. धक्का तिसऱ्या हिश्शानं कमी होतो, म्हणजे जवळपास .२४३ इतका. या गोळ्या कमी वेगातही उमलतील, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरतील, अशा बनवलेल्या असतात. साधी कडक गोळी हळू सोडली तर ती उमलतच नाही, आरपार निघून जाते. त्यामुळे घरी काडतूस भरणाऱ्यांनी मनानं दारू कमी करून 'मुलांसाठी हलकं' बनवू नये. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी गेली की नळी फुटते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबायचं, रायफल रिकामी करून नळी आरपार बघायची.

अर्ध-स्वयंचलित, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल असेल तर अशी हलकी काडतुसं पुढचं काडतूस नीट भरतीलच असं नाही. बोल्टवाल्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागे ओढायच्या रायफलीत ती अडचण नाही. आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव नळीवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. .३०० ब्लॅकआउट हे .२२३ च्या रायफलीत बसू शकतं, आणि उडवलं तर रायफल फुटते.

काडतूस बदललं की नेम पुन्हा बांधायचा. हलकं काडतूस त्याच ठिकाणी लागत नाही. मी भाचीचा नेम शंभर मीटरवर बांधला आणि पहिला पूर्ण हंगाम त्यापुढे तिला चाप ओढू दिला नाही.

आता एक गोष्ट, जी आम्ही मोठी माणसं विसरतो. मूल धक्क्याइतकंच आवाजाला घाबरतं. रायफलीचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि त्यावर इअरमफ, दोन्ही लावा. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा ब्रेक बसवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तो आवाज मागे, मुलाच्या कानाकडे आणतो. त्यापेक्षा दस्त्याला चांगलं रबरी पॅड लावा आणि दस्त्याची लांबी मुलाच्या हाताला जुळवून घ्या. लांब दस्त्यामुळे मूल मागे रेलतं आणि तोच धक्का दुप्पट जाणवतो.

सराव मात्र .२२ एलआर या छोट्या, जवळपास धक्का नसलेल्या काडतुसावर. भाचीनं त्यावर शेकडो गोळ्या उडवल्या. मोठ्या रायफलीतून एका दिवसात पाच, फार तर सहा. खांदा दुखायच्या आधी थांबायचं. नकली काडतुसाची चाचणी अजूनही प्रत्येक सरावात एकदा होते. 'टक' झालं तरी नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, कारण आत खरं काडतूस उशिरा पेटणारं आहे की नकली, हे उडवणाऱ्याला ठाऊक नसतं.

.२४३ वर आल्यावर तिसऱ्या सरावाला 'टक' झालं तेव्हा नळी जागची हलली नाही. तीस सेकंद ती तशीच बसून राहिली, डोळे उघडे. मग तिनं बोल्ट मागे ओढला, नकली काडतूस माझ्या हातात दिलं, आणि दस्त्यावर चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहिलं: १०० ग्रेन, १०० मीटर.