आंबापेट्यांच्या हिशेबातून प्रोग्रामिंग शिकण्याची रीत

कोडिंगचा हात आधी बसवावा की सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा सिद्धान्त आधी वाचावा, असे रत्नागिरी-देवगडकडची मुले मला विचारतात. माझे मत असे की घरचेच एक खरे काम, जसे आंबापेट्यांच्या विक्रीचा हिशेब, घ्यावे आणि ते जिथे अडेल तिथला सिद्धान्त त्याच दिवशी वाचावा.

तारीख, गिऱ्हाईक, पेट्या, डझन आणि दर यांची नोंद सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवणारा छोटा प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहावा आणि हंगामात तो घरच्यांना वापरायला द्यावा, कारण लिहिणाऱ्याला न सुचलेल्या चुका वापरणाऱ्याच्या हातून बाहेर येतात.

माझा पहिला प्रोग्राम प्रत्येक नोंदीनंतर सगळी फाइल नव्याने लिहीत असे. मे महिन्यात वळीव कोसळला, नेमकी त्याच क्षणी लाइट गेली आणि नंतर पाहिले तर फाइल कोरी होती. 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे नव्याने लिहिण्यासाठी, फाइल उघडताच जुना मजकूर पुसला जातो आणि नवा अजून डिस्कवर पोचलेला नसतो. हे स्वतः पाहण्यासाठी फाइलची एक प्रत घ्यावी, उघडणे आणि लिहिणे यांच्या मध्ये दहा सेकंदांचा थांबा टाकावा आणि तेवढ्यात प्रोग्राम बंद पाडावा.

आता 'एकतर सगळे, नाहीतर काहीच नाही' हे ट्रान्झॅक्शनचे, म्हणजे अनेक बदल एकच अखंड काम मानण्याचे, तत्त्व वाचावे. व्याख्येतला शब्द न् शब्द कळतो. मग त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहावी, फ्लश आणि एफसिंक (मेमरीत थांबलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्या आज्ञा) करून ती डिस्कवर पोचवावी आणि शेवटी पायथॉनच्या ओएस मोड्यूलमधल्या रिप्लेस या आज्ञेने जुन्या फाइलच्या जागी ठेवावी. हे जमल्यावर एसक्यूलाइटकडे, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या आणि ट्रान्झॅक्शन स्वतः सांभाळणाऱ्या छोट्या डेटाबेसकडे, वळावे. (सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नावही १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश येथे भरलेल्या नाटो परिषदेतून रूढ झाले, आणि तिथे चर्चा होती ती रखडलेल्या, फसलेल्या खऱ्या प्रकल्पांची.)

रक्कम दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉनला करायला सांगितली की कारण समोर दिसते: उत्तर नेमके ०.३ येत नाही. सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी एक टेस्ट, म्हणजे ती चूक पुन्हा आली का हे आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहावी.

पुढच्या हंगामाआधी, परत आलेल्या पेट्यांची नोंद जोडण्याचे काम धाकट्या भावंडाला द्यावे. कोड वाचताना ते कुठे अडखळते हे शेजारी बसून टिपावे आणि तेवढाच भाग सुट्या फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या छोट्या तुकड्यात) काढावा.