वापरलेली टेलिफोटो लेन्स घेताय? या चुका टाळा

वापरलेली टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स हातात आली की बहुतेक जण आधी मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावतात. धुळीचे चार कण दिसले की चेहरा पडतो, आणि काच चकचकीत दिसली की सौदा पक्का. खरं तर त्या चार कणांनी फोटोत काडीचा फरक पडत नाही. उलट चकचकीत काचेच्या लेन्सची मोटर महिन्याभरात मान टाकू शकते. बजेट कमी असताना काचेपेक्षा जास्त फसवतात त्या दोन गोष्टी: लेन्स आपल्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, पूर्णपणे चालते का, आणि तिच्यातले हलणारे भाग धड आहेत का. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

लेन्स बसली म्हणजे चालली, असं समजणं

यात सगळ्यात जास्त लोक निकॉनमध्ये अडकतात. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९५९ पासूनचा. त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर खटकन बसते आणि आपण निर्धास्त होतो. पण डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यांवर एएफ किंवा एएफ-डी, म्हणजे स्वतःची मोटर नसलेली, लेन्स लावली, तर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. उडत्या पक्ष्यामागे ते जमेल, या भ्रमात राहू नका. अशा बॉडीला एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली लेन्स लागते.

नव्या लेन्सचंही जुन्या बॉडीशी पटेलच असं नाही. एएफ-पी, म्हणजे नव्या प्रकारच्या मोटरची, लेन्स डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० यांच्यावर बसते, पण फोकस करत नाही. २०१५ मध्ये आलेली २००-५०० मिमी एफ/५.६ई डी९०वर लावली तर तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, बदलता येत नाही, ते सताड उघडंच राहतं. आणि मिररलेस (आत आरसा नसलेली) झेड बॉडी असेल तर लक्षात ठेवा, जुन्या लेन्स तिच्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फिरवायची.

त्यातही '७०-३००' हा आकडा म्हणजे खरा सापळा. निकॉनच्या निदान सहा वेगवेगळ्या लेन्स या एकाच आकड्याने विकल्या गेल्या आहेत. मोटर नसलेली स्वस्तातली 'जी', मोटर नसलेलीच 'डी ईडी', २००६ ची एएफ-एस व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, स्टॅबिलायझेशन), लहान सेन्सरसाठीची एएफ-पी डीएक्स व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय, आणि फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठीची एएफ-पी. जाहिरातीत नुसतं 'निकॉन ७०-३००' लिहिलेलं असतं. विकणाऱ्याकडून नळीवर छापलेल्या पूर्ण नावाचा फोटो मागवा आणि एकेक अक्षर वाचा. किमतीतली 'लॉटरी' बहुतेकदा त्या अक्षरांतच दडलेली असते.

कॅननमध्ये गोंधळ कमी. ईएफ माउंट १९८७ चा, आणि मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच. त्याआधीच्या एफडी लेन्स मात्र ईओएस, म्हणजे कॅननच्या ईएफ माउंटच्या, डीएसएलआरसाठी सोडून द्या. काचेशिवायच्या अ‍ॅडॉप्टरने लांबचं फोकस मिळत नाही, आणि काचेच्या अ‍ॅडॉप्टरने चित्र बिघडतं. ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. तुमच्याकडे आर मालिकेतली मिररलेस बॉडी असेल तर मात्र चंगळ आहे. कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर जुन्या ईएफ लेन्स ऑटोफोकससकट उत्तम चालतात, आणि त्या बाजारात भरपूर आहेत.

एक कमी ठाऊक असलेला धोका: फिल्मच्या जमान्यातल्या कॅनन माउंटच्या सिग्मा लेन्स. त्यातल्या बऱ्याच डिजिटल ईओएसवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना चालतात, थोडं बंद केलं की कॅमेरा एरर दाखवतो. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, त्याच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर ती चालतही असेल.

मिलिमीटरच्या मागे धावणं

'४२०-८०० मिमी' किंवा '५०० मिमी मिरर' असं काहीतरी फुकट म्हणावं इतक्या भावात दिसतं आणि मोह होतो. मोह आवरा. ४२०-८०० एफ/८.३ वर सुरू होते, म्हणजे उजेड फार कमी घेते (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही. ५०० एफ/८ मिरर लेन्स सुटसुटीत असते, पण कॉन्ट्रास्ट फिका, अ‍ॅपर्चर कायमचं एफ/८, आणि मागे धूसर झालेला प्रत्येक उजेडाचा ठिपका मेदूवड्यासारखा गोल भोकाचा दिसतो. गंमत म्हणून घ्यायची असेल तर घ्या. पहिली आणि एकमेव टेलिफोटो म्हणून नको.

क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर २५० मिमीची लेन्ससुद्धा कॅननमध्ये ४०० मिमी इतकी जवळ आणते. माझ्या मते सगळ्यात कमी पैशात समाधान देणारी लेन्स म्हणजे २०१३ ची कॅनन ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम (आयएस म्हणजे कॅननचं स्टॅबिलायझेशन, एसटीएम हा मोटरचा प्रकार). वजन जेमतेम ३७५ ग्रॅम, फोकस झटपट, आणि लांब टोकालाही चित्र कुरकुरीत. तिच्याशेजारी तितक्याच किंवा कमी भावात ईएफ ७५-३०० ठेवलेली असते. तिच्यात पन्नास मिमी जास्त आहेत, पण स्टॅबिलायझेशन नाही आणि ३०० ला चित्र मऊ पडतं. ते पन्नास मिमी न घेतलेलेच बरे. फुल-फ्रेमवाल्यांनी २०१० ची टॅमरॉन एसपी ७०-३०० व्हीसी (व्हीसी म्हणजेही स्टॅबिलायझेशन) जरूर बघावी.

मोठ्या १५०-६०० लेन्स आता वापरलेल्या मिळू लागल्या आहेत. त्या चांगल्याच आहेत, पण वजन दोन किलोच्या घरात. घेण्याआधी दोन किलोची पिशवी दहा मिनिटं डोळ्यासमोर धरून बघा.

काचेकडे बघायचं, पण नीट

अ‍ॅपर्चर उघडं ठेवून लेन्समधून आरपार तिरका टॉर्च टाका. झूम दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा बघा, कारण आतले काचांचे गट सरकतात आणि एका टोकाला लपलेला दोष दुसऱ्या टोकाला उघडा पडतो.

धूळ: सोडून द्या. बाहेर येणाऱ्या झूममध्ये हवा आत-बाहेर होते, धूळ जाणारच. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडासुद्धा सूर्य समोर असतानाच त्रास देतो, आणि भाव पाडायला उपयोगी पडतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र गंभीर. काचभर दुधी झाक दिसली तर कॉन्ट्रास्ट गेलाच समजा.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. 'थोडीशीच आहे, साफ होईल' हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो. साफ होतेही, पण ती काचेवरचं कोटिंग (पातळ थर) खाऊन बसली असेल तर डाग राहतो. शिवाय टेलिफोटो झूम उघडून पुन्हा अचूक जोडणं हे कसबी माणसाचं काम, आणि स्वस्त लेन्सवर तो खर्च लेन्सच्या किमतीला गाठतो. बुरशीची लेन्स कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही. चांगली लेन्स घेतल्यावर तिला ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाकला की भागतं.

हलणारे भाग न तपासणं

इथे वेळ द्या. आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊनच जा.

झूम लेन्सच्या आत अ‍ॅपर्चरला जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी, म्हणजे फ्लेक्स केबल, असते. प्रत्येक वेळी झूम फिरवला की ती दुमडते. वर्षानुवर्षं दुमडून ती एका जागी चिरते. आता यात फसगत कशी होते बघा: व्ह्यूफाइंडरमधून बघताना अ‍ॅपर्चर उघडंच असतं, ते बंद होतं फक्त फोटो निघण्याच्या क्षणी. म्हणून दुकानात सगळं झकास दिसतं. दोन-चार फोटोही निघतात, कारण कमी उजेडात कॅमेऱ्याने अ‍ॅपर्चर उघडंच ठेवलेलं असतं. घरी येऊन उन्हात एफ/८ केलं की कॅननवर 'एरर ०१'. तेव्हा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (एफचा आकडा आपण ठरवायचा मोड) एफ/११ लावा आणि सगळ्यात कमी झूमवर, मधे आणि शेवटच्या टोकाला प्रत्येकी काही फोटो काढा. उजेडात फरक पडला, एखादा फोटो पांढरा झाला, कॅमेरा अडकला, तर लेन्स परत ठेवा. अ‍ॅपर्चरची पाती बघा: कोरडी हवीत, त्यांवर तेलाची चमक नको.

मग फोकस. जवळची वस्तू, लांबची वस्तू, पुन्हा जवळची, असं दहा-बारा वेळा. आवाज एकसारखा हवा. चिरका आवाज, मधेच थांबणं, ठरावीक जागी अडखळणं ही मोटर थकल्याची लक्षणं. मात्र दोन गोष्टींनी उगाच घाबरू नका. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल आणि ते लांबच्या पल्ल्यावर असेल, तर जवळचं फोकस होणारच नाही. आणि एसटीएम किंवा एएफ-पी लेन्सची रिंग कॅमेरा बंद असताना फिरवली तर काहीच होत नाही. ती रचनाच तशी आहे.

स्टॅबिलायझेशन तपासायला लांब टोकाला जा आणि शटर अर्धं दाबा. चित्र क्षणभरात तरंगत स्थिर झालं पाहिजे. बारीक गुणगुण, सुरू-बंद होतानाचा टक आवाज चालेल. चित्र उडी मारत असेल किंवा एका बाजूला सरकत राहत असेल तर ती लेन्स नको. लेन्स हातात हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं, हे मात्र कित्येक स्टॅबिलाइज्ड लेन्समध्ये नेहमीचंच आहे.

बाहेरून बघायचं ते एवढंच: स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा, पुढच्या फिल्टर रिंगला पोचा, वाकडा झूम. खुणा म्हणजे कोणीतरी आधी उघडली आहे. का उघडली ते विचारा.

भेट न घेता ऑनलाइन घेत असाल, तर लांब टोकाला एफ/११ वर काढलेली मूळ आकाराची फाइल आणि फोकस होतानाचा व्हिडिओ मागा, व्हिडिओत सिरियल नंबर दिसू द्या. परत करण्याची मुदत नसेल तर भाव कितीही चांगला असो, जाऊ द्या.

टेलिकन्व्हर्टरवर भिस्त ठेवणं

'३०० घेतो, कन्व्हर्टर लावून ४२० करतो' हे गणित कागदावरच छान आहे. कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायचं जास्तीचं भिंग. १.४एक्स कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, २एक्स दोन. एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते, आणि साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच नीट चालतो. त्यापेक्षा फोटो कापून घेतलेला बरा. कन्व्हर्टरचे पैसे हूड (लेन्सपुढची ऊन अडवणारी टोपी) आणि ट्रायपॉड कॉलरसाठी (लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी) ठेवा, त्या दोन वस्तू जुन्या लेन्ससोबत हमखास गायब असतात.

घेतली, पण फोटो धुरकट येतात

लगेच लेन्सला दोष देऊ नका. आधी पुढचा फिल्टर काढा. स्वस्त यूव्ही फिल्टर लांब लेन्सवर चित्राची धार घालवतो. मग शटर स्पीड बघा. क्रॉप बॉडीवर ३०० मिमी हातात धरून १/५०० च्या खाली नको, आणि स्टॅबिलायझेशन हात स्थिर करतं, पळणाऱ्या हरणाला नाही. जुन्या स्टॅबिलाइज्ड लेन्स ट्रायपॉडवर असतील तर ते बटण बंद करा, नाहीतर लेन्स स्वतःच थरथर निर्माण करते.

दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा फोटो काढला असेल तर हवाच थरथरत असते. जगातली सगळ्यात महाग लेन्सही तिथे हात टेकते. तीच वस्तू सकाळी लवकर किंवा निम्म्या अंतरावरून काढून बघा.

हे सगळं करूनही धार येत नसेल तर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एकाच स्थिर वस्तूचे दोन फोटो काढा, एक व्ह्यूफाइंडरने फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि दुसरा मऊ असेल तर काच ठीक आहे, फोकस पुढे-मागे पडतोय. बॉडीत एएफ फाइन अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे फोकस पुढे-मागे सरकवायची सोय, असेल तर घरीच सुटतं. सुरुवातीच्या किमतीच्या बॉडींमध्ये ही सोय बहुधा नसते, तिथे लाइव्ह व्ह्यू वापरा किंवा लेन्स परत द्या.

दोन्ही फोटो मऊ असतील तर अ‍ॅपर्चर एफ/८ करा. स्वस्त झूम उघड्या अ‍ॅपर्चरला मऊ असतात, एफ/८ ला बऱ्याच सुधारतात. पण फोटोची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पुसट असेल, आणि एफ/८ लाही तसंच राहत असेल, तर आतली काच जागेवरून हललेली आहे. लेन्स पडलेली असण्याची शक्यता मोठी. यावर घरगुती इलाज नाही. मुदतीत परत करा.

आणि कॅमेरा लेन्सच ओळखत नसेल तर? धातूचे संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसा, लेन्स टक आवाज येईपर्यंत फिरवा. निकॉनवर 'एफईई' दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही. एएफ-डी लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग असते, ती सगळ्यात मोठ्या, नारिंगी आकड्यावर आणून लॉक करा, कॅमेरा चालू लागेल.