पानाचे आठ भाग आणि बंद केलेला फ्रिज

सहायक दिग्दर्शक म्हणून पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी हातात क्लॅप देईल. हातात आली ती पट्टी, पेन्सिल आणि ९६ पानांची पटकथा. "प्रत्येक पानाचे आठ भाग कर," एवढं बोलून फर्स्ट एडी (म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक) फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. कॅमेरा मला त्यानंतर सहा आठवड्यांनी दिसला, तोही पेटीत.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली विचारतात, "शूटिंगला कधी येऊ?" मी म्हणते, जमलं तर शूटिंगच्या दोन महिने आधी या. शूटिंगच्या दिवशी नवख्या माणसाला गर्दी थोपवणं आणि निरोप पोचवणं यापलीकडे फारसं काम मिळत नाही. समोर जे चाललंय ते तसंच का चाललंय, हे समजावून सांगायला कुणालाच सवड नसते. ती सगळी कारणं आधीच्या आठवड्यांत एखाद्या कोंदट खोलीत, भिंतीवर कागद चिकटवून ठरलेली असतात.

तर ते आठ भाग. नीट मांडणी केलेल्या पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, असा जुना ठोकताळा आहे. पण सीन काही पानाच्या शेवटीच संपत नाहीत, म्हणून पान आठ भागांत मोजतात. दोन पानं आणि वर तीन भाग असा सीन असेल तर त्याची लांबी दोन पूर्णांक तीन-अष्टमांश. दिवसाला तीन पानं धरली तर ९६ पानांना ३२ दिवस लागतात. हिशोब सोपा आहे आणि फसवाही. "पूर ओसरतो आणि गावकरी परततात" ही ओळ कागदावर एक-अष्टमांश भरते आणि दोन दिवस खाते. उलट दोन माणसं बाकावर बसून चार पानं बोलत असतील तर ते एका दुपारीही आटोपू शकतं. पट्टीने मोजता मोजता ही गोष्ट आपोआप लक्षात यायला लागते. मला ते काम का दिलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

मापं झाली की ब्रेकडाउन. प्रत्येक सीन वाचून त्यात लागणारी पात्रं, मागची गर्दी, प्रॉप, कपडे, गाड्या, जनावरं, जखमा, पाऊस, धूर असं सगळं वेगवेगळं काढायचं. लिहिलेलं कुणालाही दिसतं. शोधायचं असतं ते न लिहिलेलं. "ती भिजून घरात येते" या वाक्यात पाऊस कुठेच नाही, तरी कॅमेऱ्यापुढे येण्याआधी तिला कुणीतरी भिजवणार आहे. एक टेक झाला की तिचे कपडे ओले. दुसऱ्या टेकला ती पुन्हा दाराबाहेर कशी भिजली होती, तशीच हवी. म्हणजे तेच कपडे निदान तीन जोड, कोरडे टॉवेल, केस वाळवायची सोय, फरशीवरचं पाणी पुसणारा माणूस, आणि त्या पाण्यापासून दिव्यांच्या केबल लांब. चार शब्दांतून इतकं निघतं. नव्या माणसाने याचा सराव घरी बसून करावा. कुठलाही उतारा घ्या आणि त्यातलं न लिहिलेलं सामान लिहून काढा.

मग सीनच्या पट्ट्या करतात. आता हे सॉफ्टवेअरवर होतं, पण पडद्यावरही दिसतात त्या जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांसारख्याच. रंगांचा एक रूढ संकेत आहे: दिवसा घरात पांढरी, दिवसा बाहेर पिवळी, रात्री घरात निळी, रात्री बाहेर हिरवी. या पट्ट्या खालीवर सरकवत शूटिंगचा क्रम लावायचा. कथेचा क्रम इथे कोणी विचारत नाही. एका जागेचे सगळे सीन एकत्र, मग कलाकारांच्या तारखा, लहान मूल असेल तर त्याच्या कामाच्या तासांची मर्यादा. हिरव्या पट्टीखाली लगेच पिवळी लावली की समजावं, पहाटे चारला पॅकअप झालेल्या माणसांना आपण सकाळी सातला बोलावतोय. मधे दहा-बारा तासांची विश्रांती हवी. झोप न झालेला माणूस गाडी चालवत घरी जातो, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं.

क्रम असा विस्कटला की कंटिन्युइटी, म्हणजे एका सीनचा दुसऱ्याशी मेळ, सांभाळणाऱ्या व्यक्तीची किंमत कळते. तिच्या तक्त्यात कथेचे दिवस असतात: दिवस १, दिवस २, मधे तीन महिने, दिवस ३. जखम तिसऱ्या दिवशी ताजी, चौथ्या दिवशी काळीनिळी, सातव्या दिवशी पिवळसर. आपण शूट करणार आधी सातवा दिवस आणि पंधरा दिवसांनी तिसरा. या बाईंशी (किंवा बुवांशी) पहिल्या दिवसापासून ओळख ठेवा. पुढे कितीतरी वेळा त्यांचाच कागद तुम्हाला वाचवेल.

मला सगळ्यात आवडतो तो भाग रेकीचा. आधी दिग्दर्शक आणि एक-दोघं जाऊन जागा पसंत करतात, नंतर सगळ्या विभागांचे प्रमुख एकत्र जातात ती टेक रेकी. एकाच खोलीत दहा माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला वेगळी खोली दिसत असते. डीओपी, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शक, खिडक्यांच्या दिशा बघतात. सूर्य आकाशात तासाला साधारण १५ अंश सरकतो. सकाळी अकराला सुंदर दिसलेला कोपरा दुपारी चारला अंधारा असू शकतो, म्हणून जिथे ज्या वेळी शूट करायचं, शक्यतो त्याच वेळी रेकी करावी. गॅफर, म्हणजे दिव्यांचा प्रमुख, मीटर आणि सॉकेट बघतो. ४ किलोवॅटचा एकच दिवा २३० व्होल्टवर सतरा-अठरा अँपिअर ओढतो. घरातल्या साध्या सॉकेटचं ते काम नाही, म्हणजे जनरेटर आला. जनरेटर आला की तो लांब कुठे ठेवायचा आणि केबल कुठून आणायची, हेही आलं. आर्टवाले भिंतीला खिळा ठोकता येईल का विचारतात. मी संडास कुठे आहे, गाड्या कुठे लागतील आणि पाऊस आला तर माणसं कुठे उभी राहतील, ते बघते. हे हलकं काम वाटत असेल तर साठ माणसांसाठी एकच संडास असलेल्या घरात एक दिवस काढून बघा.

आणि कोपऱ्यात एक माणूस डोळे मिटून उभा असतो. तो साउंड रेकॉर्डिस्ट. माझ्या पहिल्या टेक रेकीत सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी सर्वांना मिनिटभर गप्प राहायला सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा शेजारचा पाण्याचा पंप ऐकू आला, मग वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन, आणि सगळ्याखाली स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर. "पंप किती वाजता चालतो ते विचारून ठेव," ते मला म्हणाले. "आणि शूटिंगच्या दिवशी फ्रिज बंद करणार तूच. बंद केलास की आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवायची."

"किल्ली कशाला?"

"म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही."

ध्वनीवाल्यांमधली ही जुनी युक्ती आहे. दुसऱ्याच्या घरात शूट करून त्याचा फ्रिज रात्रभर बंद ठेवून येण्याची नामुष्की टळते.

कॅमेरा टेस्ट आणि लुक टेस्ट याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे नवख्याला बोलायला जागा नसते, बघायला असते. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यावर थरथरतो, पांढराशुभ्र कुर्ता चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतो, मेकअप आरशात एक दिसतो आणि मॉनिटरवर दुसरा. दिव्यांचंही तसंच. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर (अंश म्हणजे शटर किती उघडं राहतं त्याचं माप) म्हणजे दर फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश. हे गणित जुळलं नाही तर चित्र फडफडू शकतं, म्हणून शटर १७२.८ अंशांवर आणतात, तेव्हा ते बरोबर १/५० होतं. आमच्या टेस्टमध्ये हॉस्पिटलच्या सीनसाठी लावलेल्या ट्यूबा फडफडल्या. टेस्ट होती म्हणून कॅमेरा असिस्टंटने एक आकडा बदलला आणि विषय संपला.

आता माझी चूक. पटकथा शूटिंग जवळ आलं तरी बदलत राहते. बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची पद्धत आहे: मूळ पांढरी, पहिला बदल निळा, मग गुलाबी, पिवळा, हिरवा. आमच्या गुलाबी पानांत नायिकेचा अपघात सीन २८ मधून सीन ३४ मध्ये गेला. म्हणजे मधल्या सीनमध्ये तिचा हात धडधाकट हवा. मी पानं दिग्दर्शकांना दिली, कॅमेऱ्याला दिली, आर्टला दिली. कपडे आणि मेकअपचं काम दुसऱ्या खोलीत चालायचं. तिथे संध्याकाळी जाईन म्हटलं, आणि संध्याकाळी तिसरंच काहीतरी निघालं.

पहिल्या दिवशीचा पहिलाच सीन होता ३१. नायिका मेकअपच्या खोलीतून आली ती हाताला प्लास्टर घालून. ते निघालं असतं. पण प्लास्टर बाहीतून जावं म्हणून कपडेपटाच्या ताईंनी तिच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून उसवून कापली होती, आणि तो शर्ट एकच होता. पावसाचा सीन नव्हता, म्हणून जोड घेतले नव्हते. पहिला शॉट तीन तास उशिरा लागला, तोही डाव्या बाजूने, बाही फ्रेमबाहेर ठेवून. कोणी ओरडलं नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे ताई शांतपणे म्हणाल्या, "मला कापायला लागलेली वीस मिनिटं, ती गेली तर गेली. पण कुणाकुणाला सांगितलंस ते लिहून ठेवतेस का गं?"

नव्हते ठेवत. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक बदलापुढे विभागांची नावं असतात आणि ज्याला प्रत्यक्ष सांगितलं त्याच्यापुढे खूण. ग्रुपवर टाकलेला निरोप मी सांगितलेला धरत नाही. समोरचा "हो, कळलं" म्हणाला की खूण. एडीच्या कामातली हुशारी वगैरे पुष्कळ ऐकायला मिळेल. माझ्या मते त्यातला बराचसा भाग या खुणांचा आहे.

कॉल शीट, म्हणजे उद्या कुणी किती वाजता यायचं त्याचा कागद, हीसुद्धा याच खुणांची छापील आवृत्ती. ती उलटीकडून लिहितात. पहिला शॉट साडेसातला हवा, तर कलाकार सातला सेटवर, मेकअप आणि केसांना दीड तास, म्हणजे साडेपाचला खुर्चीत, म्हणजे मेकअपवाले पाचला, म्हणजे दार उघडणारा आणि दिवा लावणारा त्याही आधी. बहुतेकदा तो 'त्याही आधी' म्हणजे तुम्हीच. शीट आदल्या संध्याकाळी जाते, आणि गेल्यावर निदान दोन चुका सापडतात. सापडल्या की फोन करा, लाजू नका.

सकाळी सेटवर एवढं सांभाळा: सजवून ठेवलेल्या सेटवरची वस्तू सरकवू नका, खुर्चीवर बसूही नका, ती खुर्ची कंटिन्युइटीची आहे. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी नसेल तर लाइटमनला सांगा. जमिनीवरच्या रंगीत टेपच्या खुणा उचलू नका. प्रत्येक कलाकाराचा रंग वेगळा असतो आणि फोकस पुलरने (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्याने) त्या खुणांवरून अंतरं मोजलेली असतात. आधी कलाकारांसह हालचाली ठरतात, मग कलाकार बाहेर जातात आणि त्यांच्या जागी कुणाला तरी उभं करून लायटिंग होतं. मी बऱ्याचदा ती 'कुणीतरी' असते. चाळीस मिनिटं न हलता उभं राहायला शिका. तेवढ्या वेळात सेटवर कोण काय करतं ते सगळं दिसतं.

त्या पहिल्या दिवशी, तीन तास उशिराने, सगळं एकदाचं शांत झालं. क्लॅप दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. रेकॉर्डिस्टनी हेडफोन एका कानावरून सरकवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पंपवाल्याशी बोलणं झालं होतं आणि फ्रिज बंद होता.

रात्री पॅकअपनंतर सगळ्या गाड्या गेल्या. मी सगळे खिसे चाचपले, बॅग उलटी केली, वही झटकली आणि मग स्वयंपाकघरात गेले. किल्ली दुधाच्या पिशवीशेजारी होती.