आवारभिंत बांधताय? या चुका टाळा

चिपळूणजवळ ओळखीच्या एका घरी गेलो होतो. रस्त्याकडच्या आवारभिंतीला चक्क पोट सुटलं होतं. गवंड्याने ओळंबा सोडला, तर पाच फुटांत तीन बोटांचा फरक. आत गेल्यावर उलगडा झाला. अंगण सपाट करायला चार फूट माती ओतली होती आणि ती सगळी या नऊ इंची भिंतीला टेकलेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आवारभिंत हद्दीपुरती. माती अडवायला संरक्षक भिंत लागते, आणि तिचा पाया, जाडी, सळई स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच ठरवायची. त्यात पाणी तुंबलं तर विचारूच नका: मागे दोन मीटर पाणी साठलं की भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण दोन टनांचा रेटा बसतो, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीत पाणी निघायला पाइप हवेत आणि त्यांच्यामागे खडी. पाइप टाकतात हो लोक, पण मागे थेट लाल माती. मग पाइप बुजतात. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत पावसात मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, १५ जण गेले.

उंचीचा घोळ वेगळाच. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत (मुंबईची वेगळी) आवारभिंत १.५ मीटरपर्यंत, तीही समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून. आपण मोजतो उंच अंगणातून! २.४ मीटर हवी असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा, जाळीचा किंवा ग्रिलचा ठेवा. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाकडे दोन्ही बाजूंनी १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच.

शेजारी ‘बांधा हो’ म्हणाले म्हणून खोदायला घेऊ नका. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीच्या खुणा नसतात. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो, तो जमिनीखालून शेजाऱ्याकडे सरकतो, हे नंतर भांडणात कळतं. परवानगी आणि रस्तारुंदीची रेषा (पुढे रस्ता कुठवर रुंद होणार ती हद्द) पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लेखी विचारा.

भिंत आधीच फुगली असेल तर तडा प्लास्टरने झाकू नका. तडा वाढतोय का ते कळायला त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, पलीकडची ये-जा बंद करा आणि इंजिनीअरला बोलवा. चिपळूणला आधी माती उतरवली, घमेल्याने, वरून थोडी थोडी. जेसीबी भिंतीजवळ फिरकू दिला नाही, कारण त्याचं वजनही भिंतीवरच आलं असतं.