पोर्ट ८० चा २०४८० दिसतोय? ड्रायव्हरला हात लावायच्या आधी हे बघा

भुसावळच्या एका मित्राने परवा जुना मिप्सवाला (वेगळ्या जातीच्या, मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रोसेसरचा) राउटर आणला, त्याच्यावर आमचा लॅपटॉपवर मस्त चालणारा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर टाकला तर कार्डाच्या पत्त्याच्या, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसच्या जोड्या उलट्या, पहिला बाइट दुसऱ्याच्या जागी. पत्ता जसा कोणी कजगाव, ता. भडगाव, जि. जळगाव लिहितो आणि कोणी जिल्ह्यापासून सुरू करतो, तसंच हे बाइटच्या क्रमाचं. नेटवर्कवर संख्येतला मोठ्या किमतीचा बाइट आधी (बिग एंडियन), आपल्या इंटेल-एएमडीत छोट्या किमतीचा आधी (लिटल एंडियन), म्हणून ८० चा २०४८० होतो आणि आयपी पाकिटाची खूण असलेला ०८०० हेक्स नुसता ८ दिसतो.

मॅक म्हणजे सुटे सहा बाइट, तो उलटवायचाच नसतो, पण ईईप्रॉममधून (कार्डावरच्या कायम टिकणाऱ्या छोट्या मेमरीतून) १६-१६ बिटचे शब्द वाचून थेट मेमरीत टाकले की घोळ होतो. कार्डातला शब्द लिटल एंडियन असेल तर वाचतानाच, एकाच जागी बदला, सगळ्या कोडभर शिंपडत बसू नका भाऊ. लिनक्समध्ये बाइटचा क्रम सांगणारे टाइप लावून स्पार्स (कोड तपासणारं साधन) चालवला की निम्म्या चुका तोच दाखवतो.

आणि आता खरी गोची. जुना ड्रायव्हर चुकीचा क्रम ईथटूलला (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या लिनक्सच्या कमांडला) दाखवत असेल आणि लोकांच्या स्क्रिप्टा त्याच्यावरच चालत असतील तर गुपचूप दुरुस्त करू नका, जुना डंप (कार्डातल्या माहितीची जशीच्या तशी नक्कल) तसाच ठेवा, आवृत्ती क्रमांक वाढवा आणि बरोबर क्रम नव्या आवृत्तीत द्या. आम्ही गुपचूप केलं होतं, मग मे महिन्याच्या उन्हात धुळ्यापर्यंत जाऊन दोन कार्डांचं ईईप्रॉम हाताने परत लिहावं लागलं.