विदर्भातल्या खेड्यातून सिनेमॅटोग्राफर व्हायचे असेल तर

गावाकडची मुले सिनेमॅटोग्राफर (चित्रणाचा कॅमेरा आणि प्रकाश सांभाळणारा) व्हायचे म्हणतात तेव्हा त्यांचे वडील मला सर्वांत आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे : कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. मुंबईत चित्रपटांचे आणि मालिकांचे कॅमेरे बहुधा भाड्याने आणले जातात, आणि हप्ते फिटेपर्यंत घरचे मॉडेल जुने झालेले असते. सिनेमॅटोग्राफरला पैसे मिळतात ते प्रकाश ओळखण्याचे आणि हवा तसा वळवण्याचे. ते शिकायला कापसाचे वावर आणि मॅन्युअल सेटिंग असलेला मोबाइल सुरुवातीला पुरेसा आहे.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की सकाळी अकराच्या सुमारास वावरात जावे. वेचणाऱ्या बाईचा चेहरा पदराच्या सावलीत असतो आणि कमरेच्या ओटीतला कापूस भर उन्हात. चेहरा नीट दिसेल असे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) ठेवले की कापसाचा नुसता पांढरा डाग होतो. बोंडातले तंतू दिसावेत म्हणून ते कमी केले की चेहरा काळाठिक्कर पडतो. डोळ्याला दोन्ही सहज दिसतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत, आणि हा फरक कमी करणे हेच या धंद्यातले निम्मे काम आहे. मग दोघांनी धुऱ्यावर पांढरे धोतर ताणून धरावे आणि त्यावर पडणारे ऊन चेहऱ्याकडे परतवावे. धोतर दहा फुटांवरून चार फुटांवर आणले की डोळ्यांखालच्या सावल्या विरत जाताना दिसतात. नंतर ऊन बाईच्या पाठीमागून येईल अशा बाजूने तेच दृश्य घ्यावे, आणि पुन्हा एकदा संध्याकाळी साडेचारनंतर घ्यावे. हे तिन्ही शॉट शेजारी ठेवून पाहिले की जे कळते, ते कोणत्याही व्हिडिओतून कळत नाही. सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या 1956च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा सेट उजळताना दिवे थेट न टाकता ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून परतवले होते, तत्त्व तेच आहे. मात्र वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे बाईची परवानगी घ्यावी आणि तिचा हात थांबवून रीटेक मागू नये.

दुसरा धडा विजेचा आहे आणि तो मी फजिती होऊन शिकलो. माझ्या पहिल्याच लग्नाच्या शूटिंगमध्ये हळदीच्या सगळ्या चित्रणावर काळसर पट्टे सरकत राहिले, आणि वधूच्या मामांनी उरलेले पैसे दिले नाहीत, ते योग्यच होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे त्यावरचे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, आणि माझा शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, सेकंदाच्या 1/60 वर होता; तो दिव्यांच्या या लयीशी जुळत नव्हता. भारतीय टेलिव्हिजनप्रमाणे सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवला की हा दोष बहुतेक वेळा जातो. स्वस्त एलईडी माळांचा मात्र भरवसा नाही, म्हणून वरात येण्याआधी मांडवात एक टेस्ट शॉट घेऊन तो मोठा करून पाहावा.

वडसा-देसाईगंजच्या बाजूला राहणाऱ्यांना आणखी एक शाळा आहे, ती झाडीपट्टीच्या नाटकांची. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगांत, मंडळाची परवानगी घेऊन, अंधारातून उजेडात येणाऱ्या नटावर फोकस टिकवण्याचा सराव होतो.

रीतसर शिक्षण घ्यायचे असेल तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय (स्थापना 1960) आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या दोन सरकारी संस्थांकडे पाहावे. तिथल्या सिनेमॅटोग्राफीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते. ती कोणत्याही शाखेची चालते, म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडू नये. रंगांधळेपणामुळे एफटीआयआयचे दार बंद राहू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला आहे.

प्रवेश मिळाला नाही तरी रस्ता संपत नाही. मुंबईत कॅमेरा भाड्याने देणाऱ्यांकडे कॅमेरा अटेंडंट म्हणून लागता येते. कॅमेऱ्याबरोबर सेटवर जाणे, लेन्स पुसणे, बॅटऱ्या चार्ज करणे, सामान मोजून परत आणणे असे हे काम आहे. त्याला कोणी हलके समजू नये, कारण तिथूनच पुढे फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), मग कॅमेरा ऑपरेटर असे चढता येते आणि प्रत्येक दिव्याचे नाव लाइटमनच्या तोंडून फुकट शिकायला मिळते. मालिकांच्या सेटवर बहुधा दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात आणि दिवसभरात जवळजवळ एक भाग उरकावा लागतो, त्यामुळे प्रकाशयोजना पात्र कुठेही वळले तरी चालेल अशी सपाट होते. वेग शिकायला मालिका उत्तम आहे, पण नजर घडवायची असेल तर सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी लघुपटावर बिनपैशाने का होईना काम करावे. शोरील (काम मागताना दाखवायची आपल्या निवडक शॉटची फीत) दोन मिनिटांपेक्षा मोठी करू नये आणि त्यात लग्नाचे ड्रोन शॉट भरू नयेत. कापूस वेचणाऱ्या बाईचा तो एक शॉट चांगला जमला असेल, तर तोच आधी ठेवावा.

मालिकांत केलेल्या कामाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हाती येतात. कापसाच्या चुकाऱ्यासाठी थांबण्याची सवय असलेल्या घराला हे नवीन नाही, पण मुंबईत खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते. म्हणून रोजचा दर आणि शिफ्टचे तास कामाआधीच मेसेजवर लिहून घ्यावेत, केलेल्या दिवसांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, आणि किमान चार महिन्यांचा खर्च गाठीशी झाल्याशिवाय विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट काढू नये.