नवा कार्बोरेटर लावूनही गाडी मिसिंग करतेय? या चुका टाळा

शंभर सीसीच्या जुन्या गाडीला नवा कार्बोरेटर लावला की पहिला हात जातो एअर स्क्रूवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या छोट्या स्क्रूवर. खरं तर तो सगळ्यात शेवटी फिरवायचा.

आधी टाकी, कॉक आणि पेट्रोलची नळी साफ करा. टाकीतला गंज फ्लोट पिनखाली (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी पिन) अडकला की ओव्हरफ्लो सुरू, आणि शिव्या खातो नवा कार्बोरेटर. साफ करूनही टपकत असेल तर फ्लोटची (आतल्या तरंगत्या भागाची) उंची तपासा.

कार्बोरेटर इंजिनला जोडतो तिथली जुनी ओ-रिंग (रबरी कडी) परत वापरू नका. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच करकचून आवळला तर फ्लँज (नट लागतात ती चपटी कड) वाकतो आणि फटीतून हवा ओढली जाते. मग रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली येत नाही, स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वरखाली होतो. संशय आला तर जोडावर पाण्याचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. काहीजण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर हा उद्योग नको.

स्लाइडची (रेस दिली की कार्बोरेटरमध्ये वर सरकणारा दट्ट्या) तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी बसली तर ती पूर्ण खाली येत नाही आणि किक मारताच इंजिन किंचाळतं. म्हणून आधीच रेस पिळून सोडा, ‘टक्’ ऐकू यायला हवं. मुठीला 2 ते 6 मिमी ढिलाई ठेवा.

आता सेटिंग. सोलापूरच्या उन्हात सीट चटका देते म्हणून इंजिन तापलं असं नाही. सात रस्त्यावरून होटगी रोडला दहा मिनिटं फिरवून आणा. सेटिंग करताना चोक बंद म्हणजे ऑफ, फिल्टर जागेवर. धुळीने भरलेला फिल्टर ठेवून सेटिंग केलं, तर तो बदलताच सगळं बिघडतं.

एअर स्क्रू हलक्या हाताने बुडापर्यंत न्या. जोर दिला तर टोक खराब होतं. तिथून दीड ते दोन आटे बाहेर. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मग पाव-पाव आटा फिरवत इंजिन सर्वात जोरात चालेल ती जागा शोधा आणि स्लोचा स्क्रू कमी करून 1400 आरपीएमच्या आसपास आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर ढिला केल्यावर हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल.

काही किलोमीटर चालवून प्लग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, फिकट तपकिरी असेल तर ठीक. अर्ध्या रेसला मिसिंग उरलं तर निडलची (स्लाइडमधल्या सुईची) क्लिप एक खाच हलवा, पूर्ण रेसला उरलं तर मेन जेट (पेट्रोलचं मुख्य छिद्र) पाहा. तिथे एअर स्क्रू फिरवून हाती काही लागत नाही.